तबेला, कत्तलखाना आणि उंदरांपासून होणारे व्हायरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण आणि खाडीपलीकडे ऐरोली, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात म्हशींचे तबेले आहेत, बकऱ्यांचे वाडे आहेत, कत्तलखाने, मटणाची दुकानं, पेंड-भुशाची गोदामं आहेत. तिथे राबणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि त्यांना तपासणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठीही हे पान आहे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण घोळ तिथेच होतो.

उंदीर चावला तरच रोग होतो ना?

नाही. चावण्यातून होणारी लागण सगळ्यात कमी. खरा धोका उंदराच्या मुतात, लेंड्यांत आणि लाळेत असतो. ते ओलं असताना हाताला लागतं, हाताला चीर असेल तर आत जातं, तोच हात डोळ्याला किंवा तोंडाला लागला तरी जातं. वाळलं की त्याची धूळ होते आणि ती धूळ आपण नाकातोंडातून आत ओढतो. हंताव्हायरसची लागण मुख्यतः अशीच होते.

तबेल्यातलं नेहमीचं काम बघा. सरकी पेंडीच्या गोण्यांची थप्पी भिंतीला चिकटून लावलेली असते. सगळ्यात खालच्या गोणीची शिवण कुरतडलेली, दोन गोण्यांच्या फटीत काळ्या लेंड्या, तागावर पिवळट डाग. गडी वरची गोणी खांद्यावर घेतो, खालची ओढतो, आणि पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात धूळ उठलेली दिसते. मग खराटा घेऊन तो कोपरा खसाखसा झाडतो आणि खांद्यावरच्या पंचानेच तोंड पुसतो. उंदीर एकही दिसला नाही, पण जे व्हायचं ते होऊन गेलं.

नक्की कोणकोणते व्हायरस?

पहिला हंता. हा एकच व्हायरस नाही, मोठं कुटुंब आहे. १९५० च्या दशकात कोरियाच्या युद्धात तीन हजारांच्या आसपास सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार झाला. त्याचं कारण शेतातल्या उंदरांत सापडलं ते १९७० च्या दशकात, हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाला, आणि तिथल्या हंतान नदीवरून नाव पडलं. आपल्या कामाचा भाऊबंद म्हणजे सोल व्हायरस. तो गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरात असतो, आणि हा उंदीर जहाजांबरोबर जगभरच्या बंदरांत पोचलेला आहे. सोलचा आजार हंतानपेक्षा सौम्य; दगावण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक. हंतानमध्ये ते शंभरात पाच ते पंधरापर्यंत जातं. अमेरिका खंडातले हंताव्हायरस फुप्फुसावर हल्ला करतात आणि तिथे दहातले तीन-चार दगावतात. बातम्यांत येतो तो बहुधा हाच प्रकार. २०२५ मध्ये अभिनेता जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा गेल्या त्या याच आजाराने, न्यू मेक्सिकोत. त्या जातीचे उंदीर आपल्याकडे नाहीत.

दुसरा एलसीएमव्ही, पूर्ण नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस व्हायरस. घरातल्या पिटुकल्या उंदराचा हा व्हायरस. बहुतेकांना फ्लूसारखा ताप येऊन जातो, काहींना मेंदूच्या आवरणाला सूज येते. गरोदर बाईसाठी मात्र तो वाईट. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

तिसरा उंदरांमधला हिपॅटायटिस ई. माणसांत नेहमी होणारी, दूषित पाण्यातून येणारी कावीळ वेगळ्या प्रकाराची. उंदरांतला प्रकार माणसाला होत नाही असंच धरलं जात होतं; २०१८ मध्ये हाँगकाँगला यकृत बदललेल्या एका रुग्णात तो सापडला आणि ते धरणं संपलं.

चौथा ईएमसीव्ही, पूर्ण नाव एन्सेफॅलोमायोकार्डायटिस व्हायरस. याचं घर उंदरात, पण फटका डुकरांना. पिल्लं हृदयाच्या सुजेने पटापट मरतात. माणसांत आजार क्वचितच दिसतो. वराहपालन करणाऱ्यांनी नाव लक्षात ठेवावं, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

हंता भारतात आहे का, की फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर?

मार्च २०२० मध्ये चीनमध्ये बसने प्रवास करणारा एक माणूस हंताने दगावला आणि इकडे ‘आता कोरोनानंतर हंता’ असे मेसेज फिरले. तो साथीचा रोग नव्हता आणि नवाही नव्हता.

भारतातली गोष्ट त्याहून जुनी आहे. १९६४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरजवळ थोट्टापालयम इथे पकडलेल्या चिचुंद्रीतून एक व्हायरस वेगळा केला गेला. तो हंता कुटुंबातला आहे हे पुढे कळलं, म्हणजे कोरियातला हंतान हाती लागण्याआधीच आपल्या देशात हंता कुटुंबातला एक व्हायरस बाटलीत बंद होता. चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी ती उंदरांच्या जातीची नाही, हे जाता जाता. पुढे वेल्लोरच्याच संशोधकांनी धान्याच्या गोदामातले कामगार, उंदीर पकडण्याचं काम करणारे आदिवासी आणि मूत्रपिंडाचे जुने रुग्ण यांचं रक्त तपासलं, आणि त्यांच्यातल्या काहींत हंताविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे या माणसांचा कधी ना कधी अशा व्हायरसशी संबंध आला होता आणि बहुतेकांना ते कळलंही नव्हतं.

धान्याचं गोदाम म्हटल्यावर भिवंडी आणि तुर्भ्याची एपीएमसी डोळ्यासमोर आली असेल तर बरोबर आली. तबेल्यातली पेंड-चुनीची खोली हेही गोदामच.

आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टो होतो. हे त्याच्यापेक्षा वेगळं काय?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे.

लेप्टोस्पायरोसिस व्हायरसने होत नाही, जिवाणूने होतो. ठाणे-नवी मुंबईत तापाने आजारी पडलेल्या तबेलेवाल्याला लेप्टो असण्याची शक्यता हंतापेक्षा कितीतरी जास्त. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हापासून पालिका दर पावसाळ्यात पाण्यातून चालून आलेल्यांना सावध करतात, डॉक्टरी सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात. ते योग्यच आहे. लेप्टोवर अँटिबायोटिक चालतं आणि वेळेत दिलं तर माणूस वाचतो, म्हणून संशय लेप्टोचा असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर औषध सुरू करतात. त्यांना अडवू नका.

अडचण पुढे सुरू होते. हंता आणि लेप्टो वरून जवळजवळ सारखे दिसतात. एकाएकी ताप, कपाळ-कंबर फुटेल असं दुखणं, डोळे लाल, प्लेटलेट कमी, लघवी कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसल्याची खूण) वाढलेलं. दोन्ही उंदरांकडूनच, दोन्ही त्याच कोपऱ्यातून. लेप्टोमध्ये पोटऱ्या जास्त दुखतात आणि कावीळ जास्त दिसते. हंतामध्ये नजर धूसर होणं, चेहरा-मान लालबुंद होणं, मग आधी लघवी आटणं आणि नंतर बादलीभर होणं असा क्रम दिसू शकतो. पण नुसतं बघून कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. आपल्याकडे मग होतं असं: डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह, आणि केसपेपरवर ‘व्हायरल ताप’ लिहून विषय बंद. कुठला व्हायरल, हे कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मूत्रपिंडावर परिणाम झालेला, लेप्टो निगेटिव्ह आलेला आणि जनावरांत किंवा गोदामात काम करणारा रुग्ण ‘व्हायरल’ म्हणून घरी सोडू नये, हंताची तपासणी मागावी.

आणखी एक. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. लेप्टो पॉझिटिव्ह आला, औषध वेळेत सुरू झालं, तरी मूत्रपिंड ढासळतच चाललं तर दुसऱ्या कारणाचा विचार व्हायला हवा.

म्हशी-बकऱ्यांकडून आम्हाला हंता होईल का?

जनावरं हंता पसरवतात असं मानलं जात नाही. ती उंदराला खायला-राहायला देतात, एवढाच त्यांचा हात.

पण ‘जनावरापासून काही नाही’ असा अर्थ घेऊ नका. लेप्टो म्हशी-गाईंच्या मुतातून बाहेर पडतो. गाभण जनावर गाभडलं किंवा दूध अचानक घटलं तर पशुवैद्यांना बोलवा, आणि ती दावण उघड्या पायांनी धुऊ नका. म्हशींची देवी, म्हणजे बफेलोपॉक्स, पश्चिम महाराष्ट्रात सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत जनावरांबरोबर माणसांतही आढळलेली आहे. सडावर फोड आणि तसेच फोड धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर. हा व्हायरस देवीच्या लशीतल्या व्हायरसचा जवळचा नातेवाईक. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, पाठोपाठ लस थांबली, म्हणून आजच्या तरुण गड्यांच्या दंडावर तो गोल वण नाही आणि ते संरक्षणही नाही. बोटावर फोड असताना धार काढू नका, सडावर फोड असलेली म्हैस शेवटी पिळा.

कत्तलखान्यात धोका नेमका कुठे असतो? सुरी चालते तिथे?

लोकांना तसंच वाटतं, पण उंदरांच्या बाबतीत नाही. सोलाईच्या हॉलमध्ये दिवसभर माणसं, पाणी, आवाज. उंदीर तिथे थांबत नाही. तो रात्री येतो. जनावरं आदल्या दिवशी आणून बांधतात त्या वाड्यात, वैरणीच्या ढिगात, मिठाच्या कातड्यांच्या खोलीत, आतडी-वजडीचा कचरा साठतो तिथे आणि झाकण नसलेल्या नालीत. पहाटे सगळ्यात आधी येऊन जागा झाडणारा-धुणारा माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. पगारात आणि मानात तो सगळ्यात शेवटी. हातमोजे वाटताना सोलणाऱ्यांना आधी मिळतात, त्याला उरले तर.

जोरदार पाण्याचा पाइप, ज्याला सगळे ‘प्रेशर’ म्हणतात, तो लेंड्यांवर मारू नका. कोरड्या झाडूइतकाच वाईट. घाण बारीक तुषार होऊन तोंडाच्या उंचीवर येते.

रक्ताचा धोका वेगळा आहे आणि तो उंदरांचा नाही. क्रिमियन-काँगो ताप गोचिडीतून आणि कापताना अंगावर आलेल्या रक्तातून होतो. भारतात पहिल्यांदा तो २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबादजवळ निश्चित झाला आणि उपचार करणारे वैद्यकीय कर्मचारीही त्यात दगावले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने पशुपालकांना आणि मांस विक्रेत्यांना सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. गोचीड बोटांनी चिरडायची सवय असेल तर ती आजच सोडा.

बकरी ईदला किंवा गटारीला तात्पुरती जागा लावतो तेव्हा?

दोन दिवस आधी जागा ओली करून साफ करा, वैरण जमिनीवर पसरून ठेवू नका, कचरा त्याच रात्री उचलून जाईल याची व्यवस्था पालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी बोलून आधीच करा. जागा दोन दिवसांची असली तरी आतडी पडून राहिली तर उंदीर महिनाभर हलत नाहीत.

लेंड्या साफ कशा करायच्या?

आधी खिडक्या-दारं अर्धा तास उघडी टाका आणि तुम्ही बाहेर थांबा. मग भिजवा. झाडू नाही, खराटा नाही, पंख्याचा वारा नाही. एक लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचे तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, टाकून ढवळा. बाटलीतलं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. हे पाणी हळू ओता किंवा झारीने शिंपडा, लेंड्या चिंब होऊ द्या आणि पाच-दहा मिनिटं तशाच सोडा. नंतर जुन्या फडक्याने पुसून घ्या, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधून कचऱ्यात. जमीन परत त्याच पाण्याने पुसा. हातमोजे काढायच्या आधी घातलेल्या हातांनीच ब्लीचच्या पाण्यात धुवा, मग काढा, मग साबणाने हात धुवा.

पाणी रोजच्या रोज नवीन करा. कालच्या ब्लीचमध्ये दम राहत नाही. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळू नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड घालून ‘कडक’ पाणी करणारे बहाद्दर भेटतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत जिवावर बेततं. जनावरं बांधलेली असताना हे पाणी शिंपडू नका, गव्हाण नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा.

गमबूट-हातमोजे घालून कामच होत नाही. कमीत कमी काय घालू?

मान्य. मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याखाली रबरी हातमोजे घालून आठ तास काम करा असं सांगणाऱ्याने आधी स्वतः एक तास करून बघावं. म्हणून कामाप्रमाणे ठरवा.

धार काढताना हातमोजे नकोत, पण हातावरची प्रत्येक चीर पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. दावण आणि नाली धुताना गमबूट सक्तीचे, यात सूट नाही. पेंडीच्या खोलीत थप्पी हलवताना आणि बंद गोदाम उघडताना एन-९५ मास्क. तोंडावर बांधलेला पंचा या धुळीला अडवत नाही. लेंड्या साफ करताना आणि मेलेला उंदीर उचलताना रबरी हातमोजे. एवढंच पाळलं तरी मोठा भाग टळतो.

तंबाखू मळायच्या आधी हात धुवा. हे वाक्य हसण्यावारी नेलं जातं, पण तोच हात तळव्यावर, तोच चुना, तेच तोंड.

उंदीर मारायचं औषध टाकलं की प्रश्न मिटला ना?

नाही मिटत. आजचे दहा मेले की नालीतून दुसरे दहा येतात, कारण पेंड तिथेच आहे. शिवाय झिंक फॉस्फाइडसारखं औषध वैरणीत सांडलं तर जनावर हकनाक जातं, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा कुत्र्याने खाल्ला तर तेही. उंदीर बऱ्याचदा थप्पीच्या मागे मरतो, आणि तो शोधायला परत तीच धूळ उकरायची.

आधी अन्न तोडा. पेंड-चुनी झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. गोण्या लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे बघता येतं आणि उंदराला आडोसा राहत नाही. रात्री गव्हाणीत उरलेलं काढून टाका. मग वाट बंद करा: पाव इंचाच्या भोकातून लहान उंदीर आत शिरतो, म्हणून पेन्सिल जाईल एवढं भोकही सिमेंट आणि बारीक जाळीने बुजवा, नुसत्या चिंध्या कोंबल्या तर घूस त्या अंथरुणाला वापरते. घूस जमीन पोखरते, तिच्यासाठी फरशीच्या कडा पक्क्या हव्यात. पिंजरा आणि औषध यानंतर. चिकट गोंदाचे ट्रॅप टाळा. अडकलेला उंदीर जिवंत तडफडतो, मुततो, आणि त्याला सोडवायला कोणीतरी हात घालतं.

पालिकेचं मूषक नियंत्रणाचं काम असतं. वॉर्ड ऑफिसमध्ये लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं.

मांजर पाळली तर?

लहान उंदीर कमी होतील. घूस आणि गटारातला मोठा उंदीर यांच्या वाटेला शहाणी मांजर जात नाही.

मटण खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने हे व्हायरस होतात का?

नीट शिजवलेल्या मटणातून आणि उकळलेल्या दुधातून नाही. गिऱ्हाइकाने घाबरायचं कारण नाही. धोका काम करणाऱ्याला आहे. कच्चं धारोष्ण दूध मात्र सोडाच, त्यातून ब्रुसेलोसिससारखे (ब्रुसेला जिवाणूने होणारा ताप) दुसरे आजार येतात.

बायको गरोदर आहे, तीही तबेल्यात हात लावते. काही वेगळं?

हो. एलसीएमव्ही गरोदरपणात झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या मेंदूत पाणी साठू शकतं, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. आईला मात्र त्या वेळी साधा ताप आल्यासारखं वाटून जातं. म्हणून गरोदर बाईने पेंडीची खोली झाडणं, जुन्या गोण्या झटकणं आणि मेलेले उंदीर उचलणं ही कामं करूच नयेत. घरात हॅमस्टर किंवा पांढरे उंदीर पाळले असतील तर तेही नऊ महिने दुसरीकडे द्या.

अनेक कुटुंबं तबेल्याच्या माळ्यावरच राहतात, तेव्हा ‘कामाची जागा’ आणि ‘घर’ असा फरक कागदावरच राहतो. निदान कामाचे कपडे आणि पंचा वेगळ्या बादलीत, झटकल्याशिवाय थेट पाण्यात. ते कपडे धुणारी बहुतेक तीच असते. कावीळ दिसली, म्हणजे डोळे पिवळे, लघवी गडद, तर गरोदर बाईला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीव घेतो.

ताप आला तर डॉक्टरांना काय सांगू?

आधी काम सांगा, मग ताप. केसपेपर काढताना ‘धंदा’ या रकान्यात ‘मजुरी’ लिहितात आणि निम्मी माहिती तिथेच हरवते. असं सांगा: ‘मी म्हशींच्या तबेल्यात काम करतो, गेल्या पंधरवड्यात पेंडीची खोली झाडली, तिथे उंदीर खूप आहेत, पायाला जखम होती.’ हंताची लक्षणं लागणीनंतर बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, कधी आठ आठवड्यांनीही. म्हणून गेल्या दोन महिन्यांतलं आठवा. गावी जाऊन आला असाल तर तेही, आणि गोचीड चावली असेल तर तेही.

लघवी कमी झाली, दम लागतो, डोळे पिवळे झाले, नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर लाल ठिपके आले किंवा माणूस बरळायला लागला, तर गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका. ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरुळ, ऐरोलीची पालिका रुग्णालयं आहेत. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८.

आणि ‘एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय’ हे बंद करा. त्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅक असतं. अंगदुखी तासाभरात उतरते, पण लेप्टो किंवा हंतामध्ये आधीच घायाळ मूत्रपिंडावर ते ओझं पडतं. डॉक्टरला दाखवेपर्यंत तापाला पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात.

हंताची तपासणी कुठे होते?

कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नाही. रक्तातल्या अँटिबॉडी किंवा व्हायरसचा अंश शोधणारी ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते. आपल्यासाठी जवळची मोठी संस्था म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. ही १९५२ मध्ये सुरू झाली. तुम्ही स्वतः रक्त घेऊन पुण्याला जायचं नाही; नमुना रुग्णालयामार्फत जातो. म्हणून भरती असताना डॉक्टरांना विचारणं महत्त्वाचं, घरी आल्यावर उशीर होतो.

लस किंवा औषध आहे का?

कोरियात आणि चीनमध्ये हंताची लस वापरतात, भारतात ती मिळत नाही. खास औषधही नाही. रिबाव्हायरिन या व्हायरसविरोधी औषधाचा अगदी सुरुवातीला दिल्यास मूत्रपिंडाच्या प्रकारात उपयोग झाल्याचं चीनमध्ये दिसलं आहे. बाकी सगळं सांभाळणं: सलाइन मोजून, रक्तदाबावर नजर, गरज पडली तर डायलिसिस. डायलिसिसचं नाव ऐकून पळू नका. या आजारात मूत्रपिंड बहुधा परत कामाला लागतं आणि डायलिसिस थोड्याच दिवसांचं असतं.

एकापासून दुसऱ्याला होतो का? खोलीत आठ जण राहतो.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज नावाच्या प्रकारात तसं झालेलं आहे. आशियातल्या हंतात नाही. आजारी माणसाला खोलीबाहेर काढू नका. मात्र आठही जण त्याच तबेल्यात कामाला असतील तर सगळ्यांनी स्वतःच्या तापावर लक्ष ठेवा, कारण धूळ सगळ्यांनीच खाल्लेली आहे.

उंदीर चावला. आता?

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. उंदराच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, पण तो निर्णय त्यांचा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर चाव्याची आठवण करून द्या. उंदीरदंश ताप हा जिवाणूंचा आजार आहे आणि पेनिसिलिनने बरा होतो.

ठेकेदार म्हणतो, ताप तर सगळ्यांनाच येतो. भरपाई मिळते का?

मिळू शकते, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला तिसरी अनुसूची जोडलेली होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे आणि तिलाही तशीच तिसरी अनुसूची आहे. धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची ती यादी. त्यात संसर्गजन्य आजारांच्या नोंदीखाली जनावरं, जनावरांची धडं, धडांचे भाग किंवा त्यांच्यामुळे दूषित झालेला माल हाताळण्याचं काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. तबेला, कत्तलखाना, कातड्याचं गोदाम, सगळं त्यात बसतं.

पण सिद्ध करायचं तुम्हाला, आणि तिथेच गाडी अडते, कारण आजाराला नावच नसतं. ‘व्हायरल ताप’ लिहिलेल्या कागदावर कुठलाही दावा उभा राहत नाही. म्हणून केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जपा, त्यावर कामाचं स्वरूप लिहून घ्या. हजेरीचं कार्ड, पगाराची पावती नसेल तर मुकादमाचे कामाचे मेसेज, गेटपास, ऑनलाइन पगार आल्याचा मेसेज, जे असेल ते फोटो काढून ठेवा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात काम असेल तर ईएसआयसीमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नाव आहे का ते बघा. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत. नाव असेल तर उपचार आणि आजारपणाची रजा-भरपाई तिथूनच मिळते.

पाच-सात गड्यांच्या तबेल्यात यातलं काहीच नसतं. तिथे मालकाशी बोलायचा मुद्दा वेगळा ठेवा: आजारी गड्यामागे चार दिवस धार चुकते आणि म्हैस आटते. हा हिशोब मालकाला लगेच कळतो. पत्र्याची दोन पिंपं आणि गमबुटांचे चार जोड त्याहून स्वस्त पडतात.

उंदराने कुरतडलेली पेंड म्हशीला घालू का? टाकून द्यायला जीव होत नाही.

ज्या गोणीत लेंड्या किंवा मुताचे डाग दिसतात तिचा तेवढा भाग नाही, पूर्ण गोणी टाका. चाळून घेतो म्हणणारे चाळताना सगळी धूळ स्वतः खातात, आणि उंदराच्या मुतातला लेप्टो तरीही म्हशीच्या पोटात जातो. टाकण्याआधी गोणीवर ब्लीचचं पाणी शिंपडा, तोंड बांधा, मगच उचला.